घरांतील संगणक आणि आईबापांची देखरेख

मुलांच्या हातीं काय द्यावें, आणि दिलेल्या वस्तूवर किती नजर ठेवावी, हा प्रश्न आईबापांस नवा नाहीं. सायकल, कादंबरी, सिनेमा, दूरदर्शन यांपैकीं प्रत्येक वस्तु घरांत प्रथम आली, तेव्हां तिच्याबरोबर हा प्रश्नही उंबरठा ओलांडून आंत आला. संगणक व त्यास जोडलेलें इंटरनेट हे या मालिकेंतील अलीकडचे पाहुणे होत. परंतु मागील वस्तूंत व यांत एक मोठें अंतर आहे. मुलानें पुस्तक उघडलें तर त्यांत छापलें असेल तेवढेंच त्यास मिळे, आणि पुस्तक कांहीं उलट त्याच्याकडे पाहत नसे. संगणकाच्या पडद्यांतून मात्र मूल जसें जगाकडे पाहतें, तसें जगही मुलाकडे पाहत असतें.

इ. स. २०२० सालीं कोरोनाच्या साथीमुळें शाळा बंद झाल्या व वर्ग पडद्यावर भरूं लागले. तेव्हांपासून ज्या घरांत पूर्वीं संगणक नव्हता अशा पुष्कळ घरांतही तो, निदान मोबाइलच्या रूपानें, अभ्यासाचें साधन म्हणून शिरला. तो आतां परत जाणार नाहीं, व तो जावा असें आमचें म्हणणेंही नाहीं. पालकसभेच्या वेळीं आम्हांस वारंवार विचारण्यांत येतें कीं, “सर, मुलांवर लक्ष ठेवणारें एखादें सॉफ्टवेअर आहे काय?” या प्रश्नाचें उत्तर ‘आहे’ असें एका शब्दांत देतां येईल. परंतु त्या सॉफ्टवेअरकडून कोणतें काम घ्यावें व कोणतें घेऊं नये, हें सांगितल्यावांचून तें उत्तर पुरें होत नाहीं. तेवढ्याकरितां हा लेख आहे.

या साधनांस पालक-नियंत्रण अथवा पेरेंटल कंट्रोल असें म्हणतात. त्यांचीं कामें चार प्रकारचीं असतात, व तीं आपण मनांत वेगवेगळीं ठेविलीं पाहिजेत. पहिलें काम कुंपणाचें. म्हणजे ठराविक संकेतस्थळें, खेळ व अ‍ॅप मुलाच्या खात्यावर उघडूं न देणें. दुसरें काम घड्याळाचें. म्हणजे दिवसांतून किती वेळ व रात्रीं किती वाजेपर्यंत यंत्र वापरतां येईल, हें बांधून देणें. तिसरें काम नोंदवहीचें. म्हणजे आठवडाभरांत कोणतीं स्थळें पाहिलीं व कशावर किती वेळ गेला, याचा अहवाल आईबापांस देणें. चौथें काम हेराचें. म्हणजे मुलास न कळतां त्यानें लिहिलेलें प्रत्येक अक्षर व त्यास आलेला प्रत्येक संदेश टिपून घेणें. बाजारांत हीं चारही कामें एकाच नांवाखालीं विकलीं जातात व त्यामुळेंच विचारांत गोंधळ होतो. पहिल्या तिन्ही कामांस आम्ही देखरेख म्हणतों. चौथ्यास म्हणत नाहीं. कां म्हणत नाहीं, तें पुढें येईल.

पहिलीं तीन कामें करणारें साधन बहुधा विकत आणावें लागत नाहीं. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २००७ सालीं सर्वसामान्य ग्राहकांकरितां विक्रीस आणलेल्या विंडोज व्हिस्टा या प्रणालींतच ही सोय घातली होती. आज विंडोजच्या संगणकांवर तें काम फॅमिली सेफ्टी या नांवाचें साधन करितें. गुगलनें २०१७ सालीं फॅमिली लिंक व अ‍ॅपलनें २०१८ सालीं स्क्रीन टाइम हीं याच जातीचीं साधनें काढिलीं. म्हणजे साधन बहुतेकांच्या घरीं आधींच येऊन पडलेलें आहे. तें चालू करण्याचें तेवढें राहिलें आहे.

एक संगणक व त्यावर आळीपाळीनें बसणारीं चार माणसें, अशी आपल्याकडील पुष्कळ घरांची स्थिति असते. तेथें कामाचा क्रम असा ठेवावा. प्रथम प्रत्येकाचें खातें वेगळें करावें. सर्व घर एकाच खात्यावर बसत असेल तर कोणताच नियम लावतां येत नाहीं, कारण बाप कोण व मुलगा कोण हें यंत्रास कळत नाहीं. संगणकाची मुख्य सत्ता ज्या खात्याकडे असते, त्यास अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचें खातें म्हणतात. तें आईबापांकडे राहावें. मुलांचीं खातीं साधीं असावींत, म्हणजे लावलेला नियम त्यांतून बदलतां येत नाहीं. मुख्य खात्याचा पासवर्ड मुलांस सहज सुचेल असा नसावा. मुलाची जन्मतारीखच पासवर्ड म्हणून ठेवणें म्हणजे दारास कुलूप लावून किल्ली कुलुपासच अडकवून ठेवण्यासारखें आहे.

नंतर मुलाचें खातें कुटुंबाच्या गटांत घालतांना त्याची जन्मतारीख खरी द्यावी, कारण कोणता खेळ अथवा अ‍ॅप कोणत्या वयास योग्य, याचे कित्येक नियम तिच्यावरूनच ठरतात. वय वाढवून लिहिण्याची खोड पुष्कळ घरांत आईबापच प्रथम लावतात, हें खेदानें सांगावें लागतें. ज्या मुलाच्या देखत आपण एक असत्य लिहिलें, त्यास पुढें सत्याचा पाठ कोणत्या तोंडानें द्यावयाचा?

वेळेची मर्यादा घालतांना शाळेचा दिवस व सुट्टीचा दिवस यांत भेद ठेवावा, आणि परीक्षेच्या काळांत ती मुलाशीं बोलून बदलावी. संकेतस्थळांची चाळणी लावतांनाही एक गोष्ट ध्यानांत असावी. फॅमिली सेफ्टीची चाळणी मायक्रोसॉफ्टच्या एज या ब्राउझरांत काम करिते, आणि ती सुरू केली कीं इतर प्रचलित ब्राउझर मुलाच्या खात्यावर बंद होतात. हें ठाऊक नसल्यास संगणकच बिघडला असें समजून कोणी तो दुकानांत घेऊन जावयाचा! घरांतील सर्व यंत्रांस एकदम लागू पडणारी चाळणी राउटरवर बसवितां येते. आपण स्थळाचें नांव लिहितों, तेव्हां त्या नांवाचा अंकांचा पत्ता शोधून देणारी डीएनएस नांवाची एक यंत्रणा मध्यें असते. नको असलेल्या स्थळांचा पत्ताच या यंत्रणेनें दिला नाहीं, तर तें स्थळ उघडत नाहीं. क्लाउडफ्लेअर या कंपनीनें २०२० सालीं कुटुंबांकरितां अशी विनामूल्य सेवा सुरू केली. राउटरमध्यें डीएनएसच्या जागीं १.१.१.३ हा अंक घातला असतां, तिच्या यादींतील अश्लील व अपायकारक स्थळें अडविलीं जातात.

एवढें केल्यावर आपलें कर्तव्य संपलें असें मात्र कोणीं समजूं नये. चाळणी कशी काम करिते हें पाहिलें कीं तिची मर्यादाही कळते. चाळणीस अर्थ कळत नाहीं. तिला शब्द व याद्या तेवढ्या कळतात. इंग्लंडांत स्कन्थॉर्प नांवाचें एक गांव आहे. १९९६ सालीं अमेरिका ऑनलाइन या कंपनीच्या यंत्रणेनें त्या गांवच्या लोकांस खातें उघडूं दिलें नाहीं. कारण काय, तर गांवाच्या इंग्रजी नांवांतील मधलीं चार अक्षरें ओळीनें घेतलीं असतां एक शिवी होते! बिचाऱ्या गांवकऱ्यांचा यांत काय अपराध होता? आजच्या चाळण्या पुष्कळ सुधारल्या आहेत. तरीही शरीरशास्त्राच्या धड्याकरितां माहिती शोधणाऱ्या विद्यार्थिनीस चाळणी अडविणार नाहीं, अशी खात्री देतां येत नाहीं.

उलट पक्षीं, अडवावयाचें तें सुटूनही जातें. हल्लीं बहुतेक संकेतस्थळांचा मजकूर कुलूपबंद होऊन प्रवास करितो. त्यामुळें राउटरवरील चाळणीस मूल कोणत्या स्थळाच्या दाराशीं गेलें तें समजतें. आंत जाऊन त्यानें काय वाचलें तें समजत नाहीं. ज्या एकाच स्थळावर गणिताचे उत्तम पाठ आहेत, त्याच स्थळावर वेळेचा नाश करणारे हजारों चित्रफितींचे तुकडेही आहेत. शिवाय मित्राच्या मोबाइलवर आपल्या राउटरचा अंमल चालत नाहीं, आणि चाळणीस बगल देण्याच्या युक्त्या शाळेच्या मधल्या सुट्टींत एका तोंडाहून दुसऱ्या कानीं सहज जातात. तेव्हां कुंपण अवश्य घालावें. परंतु कुंपण म्हणजे राखणदार नव्हे.

अमेरिकेंत या प्रश्नाचा विचार मोठ्या न्यायालयापर्यंत गेला होता. तेथें २००० सालीं एक कायदा झाला कीं, ज्या शाळा व ग्रंथालयें इंटरनेटकरितां सरकारी सवलत घेतात, त्यांनीं आपल्या संगणकांवर चाळणी बसवावी. चाळणी चांगला मजकूरही अडविते, म्हणून ग्रंथालयांच्या संघानें या कायद्यास हरकत घेतली. २००३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें कायदा कायम राखिला. प्रौढ वाचकानें ग्रंथपालाकडे मागणी केल्यास तो चाळणी काढून देऊं शकतो, ही गोष्ट निर्णय देतांना विचारांत घेतली गेली. घराच्या कारभारांतही यांतून घेण्यासारखा धडा आहे. दार बंद असण्यांत मोठेंसें दुःख नसतें. दार ठोठावलें असतां आंतून ‘काय पाहिजे, बाळ?’ असें विचारणारें कोणी नसलें म्हणजे दुःख होतें. चाळणीच्या शेजारीं माणूस पाहिजे.

आतां चौथ्या, म्हणजे हेराच्या कामाकडे येऊं. आमच्या परिचयाच्या एका घरीं वडिलांनीं आठवींतील मुलाच्या खात्यावर असें एक सॉफ्टवेअर गुपचूप बसविलें. हेतु वाईट नव्हता. वर्तमानपत्रांतील बातम्या वाचून त्यांस भीति वाटली होती. पुढें एके दिवशीं जेवतांना, रागाच्या भरांत, मुलानें मित्रास खासगी रीतीनें लिहिलेलें एक वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलें, आणि मुलगा समजावयाचें तें समजला. त्यानें भांडण केलें नाहीं. त्या दिवसापासून तो घरच्या संगणकावर केवळ अभ्यास करूं लागला, व बाकी सर्व कांहीं मित्राच्या मोबाइलवर. वडिलांच्या अहवालांत मुलगा आदर्श झाला. घरांत मात्र त्याचें मन मोकळें करणें कायमचें थांबलें. अहवाल मिळाला आणि मुलगा गमावला, असा हा सौदा आहे.

या मार्गांत आणखीही एक धोका आहे. मुलाचे संदेश, पासवर्ड व फोटो हेरून ते कोठें तरी सांठविले जातात, आणि तें कोठार आपल्या घरचें नसतें. अमेरिकेंत टीनसेफ नांवाची मुलांच्या मोबाइलवर नजर ठेवणारी एक सेवा होती. २०१८ सालीं तिचें कोठार इंटरनेटवर उघडें पडलेलें आढळलें. त्यांत हजारों खात्यांची माहिती, मुलांच्या अ‍ॅपलच्या खात्यांच्या पासवर्डांसह, सरळ वाचतां येईल अशा रूपांत होती. मुलांच्या रक्षणाकरितां जें घेतलें, त्यानेंच मुलांस उघड्यावर आणिलें. कुंपणानेंच शेत खाल्लें, असें आपल्याकडे म्हणतात तें याहून निराळें काय?

म्हणून आमचें सांगणें असें आहे कीं, जी देखरेख ठेवावयाची ती उघड ठेवावी. मुलास समोर बसवून सांगावें कीं, ‘अमुक स्थळें बंद केलीं आहेत, अमुक वेळीं यंत्र थांबेल, आणि आठवड्याचा अहवाल आपण दोघे मिळून पाहूं.’ उत्पत्तीच्या पुस्तकांतील एदेन बागेची कथा आपणांस ठाऊक आहे. तेथें निषिद्ध झाड लपवून ठेविलें नव्हतें. आज्ञा उघड दिलेली होती व तिचें कारणही सांगितलें होतें. आज्ञा मोडली जाण्याचा संभव असूनही देवानें मनुष्यास अंधारांत ठेविलें नाहीं. ज्यास निवड करावयास शिकवावयाचें आहे, त्यास नियम ठाऊक असलाच पाहिजे.

उघडपणाचा खरा उपयोग संकटाच्या वेळीं कळतो. कोणी अनोळखी मनुष्य समवयस्क असल्याचें सोंग घेऊन मुलीशीं गोड बोलतो, एक फोटो मागून घेतो, आणि मग तोच फोटो सर्वांस दाखविण्याची धमकी देऊन आणखी फोटो किंवा पैसे मागतो. अशा गोष्टी घडतात, हें पालकांनीं व मुलांनींही स्पष्ट जाणून घ्यावें. येथें कोणतीही यादी उपयोगी पडत नाहीं. सॉफ्टवेअरला जें दिसत नाहीं, तें मूलच येऊन सांगूं शकतें; पण तें केव्हां सांगेल? ‘सांगितलें तर मोबाइल काढून घेतील व मारतील’ असें वाटत असेल, तर तें सांगणार नाहीं. एकटेंच सोसत राहील, आणि सोसण्याची सीमा झाली म्हणजे भलतेंच कांहीं करून बसेल. आईबापांनीं आजच एक वचन देऊन ठेवावें: ‘तूं आपण होऊन सांगितलेंस, तर प्रथम तुझें रक्षण, चुकीचा विचार मागाहून.’ असा प्रसंग आलाच, तर धमकीचे संदेश पुसून न टाकतां जपून ठेवावे, पैसे पाठवूं नयेत, आणि सायबर गुन्ह्यांकरितां असलेल्या १९३० या किंवा मुलांच्या मदतीकरितां असलेल्या १०९८ या क्रमांकावर फोन करावा.

देखरेख किती असावी याचें उत्तर मुलाच्या वयाबरोबर बदललें पाहिजे. संयुक्त राष्ट्रसंघानें १९८९ सालीं स्वीकारलेला बालहक्कांचा करार आपल्या देशानें १९९२ सालीं मान्य केला. त्याच्या पांचव्या कलमांत, आईबापांनीं मुलाच्या वाढत्या समजशक्तीस अनुसरून मार्गदर्शन करावें, असें तत्त्व आहे. आणि सोळाव्या कलमांत मुलाच्या खासगी जीवनास व पत्रव्यवहारास संरक्षण दिलें आहे. हीं दोन्ही कलमें एकत्र वाचावींत. आपल्याकडील २०२३ च्या व्यक्तिगत माहितीसंबंधीच्या कायद्यांतही, अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वीं कंपन्यांनीं पालकांची संमति घ्यावी व मुलांच्या वागणुकीचा माग काढीत राहूं नये, असें तत्त्व घातलें आहे. कंपनीस जें करूं नये म्हणून सांगितलें जातें, तें आपण आपल्या लेंकरास लपूनछपून करावें काय?

रस्त्याच्या कडेस रोप लावितांना त्याच्याभोंवतीं लोखंडी जाळी बसवितात. ती नसली तर पहिल्याच दिवशीं शेळी रोप खाऊन जाईल. परंतु झाड वाढल्यावरही जी जाळी काढावयाची राहून जाते, ती सालींत रुतते, व जिनें झाड वांचविलें तीच त्यास जखम करिते. प्राथमिक वर्गांतील मुलाकरितां केवळ निवडक स्थळेंच उघडीं असावींत, व वडील माणूस जवळ असावें. पांचवी ते आठवीच्या मुलांस चाळणी, वेळेची मर्यादा व एकत्र पाहिलेला अहवाल हीं पुरेशीं होतात. नववी-दहावींत अहवाल हळूहळू बंद करून रात्रीची मर्यादा तेवढी ठेवावी. त्यापुढें संभाषण हेंच नियंत्रण. प्रत्येक वाढदिवशीं एक नियम सैल करावा, म्हणजे विश्वास मिळवावा लागतो व मिळवितां येतो, हें मुलास कळेल.

संगणक कोठें ठेवावा, हाही विचार महत्त्वाचा आहे. बंद खोलींतील महागड्या सॉफ्टवेअरपेक्षां बैठकीच्या खोलींतील साधी मेजाची जागा अधिक काम करिते. आणि पालकहो, रात्रीं दहानंतर मुलाचें यंत्र बंद करून आपण स्वतः बारापर्यंत मोबाइल खालींवर करीत बसलों, तर मूल आपल्या नियमापासून नव्हे, आपल्या वर्तनापासून शिकेल. रात्रीं सर्व घराचे मोबाइल एकाच ठिकाणीं ठेवावे, त्यांत वडिलांचाही असावा.

विद्यार्थिमित्रहो, आतां दोन शब्द तुम्हांस. देखरेख म्हणजे तुमच्यावर अविश्वास, असें समजूं नका. नवशिक्या पोहणाऱ्याच्या कमरेस सुकड बांधतात, ती त्याचा अपमान करण्याकरितां नव्हे. एखादा नियम जाचक वाटला, तर युक्तीनें मोडूं नका. कारणासह आईबापांस सांगा. ‘विज्ञानाच्या प्रकल्पाकरितां हें स्थळ पाहिजे, तें उघडून द्या’ असें सांगणाऱ्या मुलाचा नियम लौकर सैल होतो; चोरवाट काढणाऱ्याचा अधिकच आवळला जातो. आणि एखाद्या वेळीं पाऊल चुकलें, तर घरीं सांगा. घरीं सांगणें कठीण वाटलें, तर शिक्षकांस सांगा. सांगितल्यानें संकट अर्धें होतें.

उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांतील बापानें मुलामागें हेर पाठविले नाहींत. परंतु मुलगा दूर असतांनाच तो त्याच्या दृष्टीस पडला, यावरून त्याची नजर रोज कोणत्या वाटेकडे लागलेली असेल, तें समजतें. ती नजर मुलास पकडण्याकरितां नव्हती, घरांत घेण्याकरितां होती. संगणकावर कोणतें साधन बसवावें हें कोणीही जाणता मनुष्य अर्ध्या तासांत दाखवून देईल. त्या साधनामागील आपली नजर कोणत्या जातीची आहे, हें मात्र प्रत्येक आईबापानें आपल्या मनाशीं ठरवावयाचें आहे.